पानांच्या कातडीचा डॉक्टर

८ जानेवारी

चि. ढब्बू,

तुझी नेलपॉलिशची मागणी पोचली. बिनरंगी, पातळ, चमक नसलेली आणि वाळायला सावकाश! अरे, माझ्या पार्लरमध्ये इतकी वर्षं बायका येतात, पण अशी बाटली मागणारी एकही भेटली नाही. माल आणून देणारा म्हणाला, "कुठल्या नवरीसाठी?" मी म्हटलं, "नवरी नाही रे बाबा, झाड आहे." तो अजून माझ्याकडे चमत्कारिक नजरेनं बघतोय. बाटल्या कापसात गुंडाळून पाठवते आहे. फुटल्या तर पोस्टाला बोल लाव, मला नको.

आता एक सांगते, रागावू नकोस. गिऱ्हाइकं विचारतात, भाऊ काय करतो? परवा एकीच्या भुवया करताना सांगून टाकलं, "पानं सोलतो. मायक्रोस्कोपखाली बघतो." ती इतकी हसली की माझ्या हातातला दोरा सुटला. म्हणे, "एवढं शिकवलंत, आणि भाऊ पानं सोलतो?" मला फार लागलं. आई गेल्यावर तुझ्यासाठी काय काय केलं ते माझं मला ठाऊक. दुसऱ्या खुर्चीवरच्या बाईंनी विचारलं तेव्हा म्हटलं, "त्वचेवर काम करतो." त्या म्हणाल्या, "अगबाई, त्वचेचे डॉक्टर!" मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही.

आणखी एक. शेजारची शिवणवाली तुला आठवते ना? आमच्या दोघींच्या दुकानांत एकच भिंत आहे. तिचं मशीन चाललं की माझ्या फळीवरच्या बाटल्या नाचतात. दुपारी डबा घेऊन ती माझ्याकडे येते. काल वॅक्सचं भांडं उचलताना माझा हात हलला आणि उकळतं वॅक्स तिच्या डाव्या हातावर सांडलं. मी किंचाळले, ती नाही. "भाजलं नाही का गं?" म्हटलं, तर म्हणते, "कुठे?" मग खाली बघून हसली. "लोखंडाची आहे मी." संध्याकाळी तिथे हा एवढा फोड आला. त्या जागी एक फिकट डागही आहे. काय असेल रे? तुला कातड्यांतलं कळतं.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

—

२२ जानेवारी

प्रिय ताई,

बाटल्या धडधाकट पोचल्या. नेलपॉलिश अगदी हवं तसं आहे. त्याचं काय करतो ते ऐक. दातांचे डॉक्टर तोंडाचा साचा घेतात ना, तसली पेस्ट मी जिवंत पानावर लावतो आणि साचा अलगद काढून घेतो. पानाला काही इजा होत नाही. त्या साच्यात तुझं नेलपॉलिश ओतायचं, वाळलं की सोलायचं. पानाच्या कातडीचा हुबेहूब ठसा मिळतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच पान, तीच जागा. म्हणजे एकेक पेशी लहानाची मोठी होताना बघता येते.

आणि काय मोठी होते म्हणून सांगू! कोवळ्या पानाच्या कातडीतल्या पेशी विटांसारख्या असतात, बारक्या आणि चौकोनी. मग त्यांचं दुभागणं थांबतं आणि फुगणं सुरू होतं. आत पाणी असतं, ते बाहेर रेटत असतं. भोवती भिंत असते, ती रोखून धरते. पेशी आपली भिंत बेतानं सैल करते, पाण्याच्या रेट्यानं ती ताणली जाते, आणि ताणून पातळ व्हायच्या आत नवा माल भरून ती पुन्हा जाड केली जाते. जास्त सैल झाली तर फुटेल, कमी झाली तर वाढ खुंटेल. शिवाय प्रत्येकीच्या भिंती शेजारणींना पक्क्या चिकटलेल्या. एकीला वाटलं आणि सरकली, असं होत नाही. फुगता फुगता त्यांच्या कडा नागमोडी होतात. हिचा फुगवटा तिच्या खाचेत, तिचा हिच्या. मुलांच्या जोडकोड्याचे तुकडे असतात ना, तसंच दिसतं. या कडा सरळच का राहत नाहीत, हा आमच्या सरांचा प्रश्न, आणि सध्या माझी झोप त्यापायी उडाली आहे.

त्वचेचे डॉक्टर! तू पण ना. पण राहू दे, आता कुठे खुलासे करत बसतेस. मलाही वाचून बरंच वाटलं, खोटं कशाला सांगू.

शिवणवालीला सांग, सुया टोचून टोचून कातडी निबर झाली असेल.

तुझा
ढब्बू

—

९ फेब्रुवारी

चि. ढब्बू,

तुझ्या पत्रातला कातडीच्या पेशींचा भाग मी शिवणवालीला वाचून दाखवला, पानाचं नाव गाळून. शेजारणींच्या भिंती चिकटलेल्या असतात हे तिला फार आवडलं. म्हणाली, "म्हणजे तुझं-माझं दुकानच की." निबर कातडीचंही सांगितलं. "डॉक्टरसाहेब म्हणतात तर तसंच असेल," म्हणाली.

पण मला काही ते पटत नाही रे. काल एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या कापडावर रक्ताचे ठिपके पडले. डाव्या हाताला सुई टोचली होती, हिला कळलं ते कापड बघून. मी म्हटलं, सरकारी दवाखान्यात जाऊ. तर हिनं दार लावून घेतलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "तिथल्या रांगेत अर्धी गल्ली बसलेली असते. कुणी डाग बघितला तर माझ्याकडे कोण कपडा टाकेल? तुझा भाऊ घरचा माणूस. तो बघेल, आणि त्याच्यापाशीच राहील."

मला सांगायला हवं होतं, माझा भाऊ माणसांचा डॉक्टर नाही म्हणून. गल्लीभर तुझं नाव करून बसलेय आणि आता कोणत्या तोंडानं सांगू? तूच सांभाळून सांग तिला, आणि चांगल्या डॉक्टरकडे घेऊन जा. तुझ्या शहरात तिला कोणी ओळखत नाही. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघी येतो. बाटल्याही हातानंच आणते.

ताई

—

२४ फेब्रुवारी

प्रिय ताई,

घाईत लिहितोय. मार्चच्या पहिल्या आठवड्यात अजिबात येऊ नका. बाहेरचे मोठे लोक आमचं काम बघायला येणार आहेत. सर नुसते निखाऱ्यावर आहेत, आणि आम्ही सगळे त्यांच्या भोवती. माझी पुढची नेमणूक याच्यावर ठरायची आहे. नंतर केव्हाही या, मी स्वतः न्यायला येईन.

ढब्बू

—

१४ मार्च

माननीय संशोधक महोदय यांस,

आपलं २४ तारखेचं पत्र आम्ही बसमध्ये बसलो त्या दिवशी इकडे पोचलं, म्हणजे आम्ही निघाल्यावर. त्यामुळे आम्ही दोघी आगाऊपणे आपल्या संस्थेत येऊन थडकलो. माफी असावी.

व्हरांड्यात आपण पाहुण्यांच्या घोळक्यात उभे होतात. नेलपॉलिश पुरवणाऱ्या बाईनं आपल्याला "ए ढब्बू!" अशी मोठ्यानं हाक मारली, त्याबद्दल तिला खेद आहे. हाक तिच्या तोंडातून सवयीनं गेली. कोट घातलेला स्वतःचा भाऊ तिनं पहिल्यांदाच बघितला होता.

"कोण आहेत या?" असं आपल्या सरांनी विचारलं. "या आम्हाला नेलपॉलिश पुरवतात," असं आपण म्हणालात. चूक काहीच नाही. पुरवतेच मी.

मी तोंड धुवायला गेले, तेवढ्यात आपण शिवणवालीचा हात बघितलात, असं तिच्याकडून कळलं. ती समाधानात आहे. तेवढ्याबद्दल मनापासून आभार.

यापुढे माल दुकानातून घ्यावा.

आपली,
पुरवठादार

—

२५ मार्च

ताई,

तुझं पत्र वाचून जमीन दुभंगेल तर बरं असं झालं. पहिल्या ओळीला हसलो. वाटलं, थट्टा करतेयस. मग पुढचं वाचलं.

मी काय सांगू? सरांनी विचारलं तेव्हा माझ्या तोंडून ते वाक्य निघालं, आणि निघाल्यावर मागे घेता येईना. तुझ्या हातात ती दोरीनं बांधलेली पिशवी, पाहुण्यांतली एक बाई गालातल्या गालात हसतेय, आणि तू मला ढब्बू म्हणतेयस. एका क्षणात मला वाटलं, ही बाई माझी कोणी नसती तर! हे लिहायला नको वाटतं. पण तुला खोटं लिहून आणखी पाप कशाला करू.

सरांचं भाषण उत्तम झालं. पेशीच्या कडा नागमोडी का होतात, याचा त्यांचा अंदाज असा : मोठी सपाट पेशी फुगली की मधल्या उघड्या भागावर सगळा ताण येतो, फुग्यासारखा. नागमोडी झाली की तीच पेशी अरुंद अरुंद भागांत विभागली जाते, मध्ये मोठी मोकळी जागाच उरत नाही, आणि भिंतीला ताण झेपतो. पडद्यावर माझे ठसे दाखवले. टाळ्या पडल्या. ठसे कसे घेतले ते मी सांगितलं, बाटल्या कुणी पाठवल्या ते नाही सांगितलं.

मला दोन ओळी लिही. शिव्या दिल्यास तरी चालतील.

ढब्बू

—

३० एप्रिल

ताई,

हे तिसरं पत्र. एकाचंही उत्तर नाही. तू बरी आहेस ना, एवढं तरी कळव.

ढब्बू

—

३ जुलै

ढब्बू,

मी लिहिणार नव्हते. स्वतःसाठी आजही लिहिलं नसतं.

शिवणवालीची करंगळी आत वळली आहे. आधी नुसती झोपल्यासारखी वाटायची, आता सरळच होत नाही. शेजारचं बोटही मागोमाग निघालंय. कापड दाबून पुढे सरकवायचं ते त्याच हातानं. शिवण वाकडी जाते, गिऱ्हाइकं कपडे परत आणतात. गेले काही दिवस भिंतीपलीकडून मशीनचा आवाज येत नाही. माझ्या बाटल्या फळीवर गप्प उभ्या असतात.

तू सांगितलेलं मलम ती नेमानं लावते. नळ्यांवर नळ्या संपल्या. डाग आहे तसाच. मी तिला म्हणायची, दवाखान्यात जाऊ. ती म्हणायची, "डॉक्टरसाहेबांनी बघितलाय ना हात? काही नाही, मलमानं जाईल म्हणाले." आणि मीही गप्प बसले रे. मला वाटलं, तू पानं सोलत असलास तरी एवढा शिकलेला, तुझ्या ओळखीत डॉक्टर असतील, कुणाला तरी विचारून सांगितलं असशील. माझंच खोटं मला खरं वाटायला लागलं होतं.

आता पुढचं मलम कोणतं लावायचं ते लगेच कळव.

ताई

—

७ जुलै

ताई,

मलम लावू नका. पत्र मिळेल त्याच दिवशी तिला सरकारी दवाखान्यात ने. ती नाही म्हणाली तरी ने. इथल्या एका डॉक्टरला मी आज सगळं सांगितलं. डाग, भाजलेलं न कळणं, बोट वळणं. त्यानं मला पुढे बोलूच दिलं नाही. म्हणाला, "नस निकामी होत चाललीय तिची. कसली वाट बघताय?"

मी कुणालाही विचारलं नव्हतं. आता ऐक काय झालं. तू तोंड धुवायला गेलीस. पाहुणे पुढच्या खोलीत शिरले, सर मला हातानं बोलवत होते. शिवणवालीनं बाही वर केली आणि हात माझ्यापुढे धरला. म्हणाली, "डॉक्टरसाहेब, एवढं बघा." मला सांगता आलं असतं, मी डॉक्टर नाही. एका वाक्याचं काम होतं. पण मग तिनं विचारलं असतं, बोलणं वाढलं असतं, सर परत आले असते. मी तिच्या हाताकडे नीट बघितलंसुद्धा नाही. "काही नाही, साधं मलम लावा, जाईल," म्हटलं आणि गेलो. आत जाऊन टाळ्या घेतल्या.

तुझ्या खोट्याला मी हसलो होतो. पण ते खरं करून दाखवलं मी. दिवसभर एका पेशीची भिंत किती ताणली जाते ते मोजतो, आणि समोर धरलेला माणसाचा हात मला दिसला नाही. तुला मी तोंड दाखवायच्या लायकीचा नाही, तरी येतो. तिच्यापुढे उभा राहतो.

ढब्बू

—

१६ जुलै

ढब्बू,

येऊ नकोस. इतक्यात तरी नको.

पत्र आलं त्याच दिवशी तिला घेऊन गेले. रांगेत गल्लीतल्या दोघी भेटल्या. ती पदर हातावर ओढून बसली आणि मी तिच्यापुढे आड बसले, भिंतीसारखी. तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले आणि कापसाचा बोळा हातावरून फिरवला. "लागला की बोट दाखवा," म्हणाल्या. डागावर बोळा फिरत होता आणि ही डोळे मिटून वाट बघत बसली होती. मला ते बघवेना. मग त्यांनी तिच्या कोपरामागची नस चाचपली. दोरीसारखी जाड झाली होती. त्या शांतपणे म्हणाल्या, "कुष्ठ आहे. घाबरू नका. गोळ्या घेतल्या की बरा होतो, आणि गोळ्या सुरू झाल्यावर कुणाला लागत नाही." नसेची सूज उतरायला वेगळं औषध दिलं. बोटाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "थोडं सुधारेल. लवकर आला असतात तर वाकलंच नसतं. कधीपासून आहे हे?"

ती म्हणाली, "हल्लीच लक्षात आलं."

मला वाचवायला खोटं बोलली, ढब्बू. मी शेजारी उभी राहून ते खोटं चालू दिलं.

बाहेर नळापाशी मी तिला सगळं सांगून टाकलं. तू कोण, काय करतोस, मी काय काय सांगत फिरले. ती हात धूत होती. म्हणाली, "मला तिथेच कळलं होतं. त्यांच्या खोलीत डोकावले तर नुसत्या कुंड्या. माणसांचा डॉक्टर कुंड्यांत बसतो होय?" मी म्हटलं, "मग ते मलम का लावत राहिलीस?" तर नळ बंद करून म्हणाली, "बरं होईल असं सांगणारं दुसरं कोण होतं?"

पार्लरमध्ये मी सगळ्यांना सांगितलं, माझा भाऊ डॉक्टर नाही, पानांच्या कातडीचा अभ्यास करतो, मी थाप मारली. काहीजणी हसल्या. एकीनं विचारलं, "मग माझ्या मुलीच्या मुरमांवर भावाच्या नावानं तुम्ही जे सांगितलंत ते?" शिवणवालीच्या दुखण्याचं मात्र कुणाला बोलले नाही. ते तिचं आहे.

ताई

—

२८ जुलै

ताई,

तू नको म्हणालीस म्हणून आलो नाही.

सरांच्या खोलीत जाऊन सांगितलं, मार्चमध्ये आल्या होत्या त्या माझ्या सख्ख्या बहीण, मला त्यांनीच वाढवलं. सर बराच वेळ आठवत राहिले. म्हणाले, "कोण आल्या होत्या? मार्चमध्ये?" बाकीच्यांना विचारलं. कुणालाही आठवत नव्हतं. पाहुण्यांतली ती हसणारी बाई तर शेजारच्या माणसाच्या विनोदाला हसत होती म्हणे. ज्यांच्यापुढे तुला नाकारलं, त्यांचं तुझ्याकडे लक्षच नव्हतं. मी घाबरलो कुणाला तेच मला कळत नाही.

नवी नेमणूक मिळाली. आनंद झाला नाही असं लिहिणार होतो, पण झाला. त्याचीही लाज वाटली.

सोबत शिवणवालीसाठी वेगळं पत्र आहे. योग्य वाटलं तर दे.

ढब्बू

—

३० ऑगस्ट

ताईच्या भावास,

तुमचं पत्र तिनं दिलं. देताना दारातच उभी राहिली. मी उशिरा लिहिते आहे, कारण काय लिहावं ते सुचत नव्हतं. उजवा हात धड आहे, तेव्हा लिहायला अडचण नाही.

तुम्ही चार पानं माफी मागितलीत. मला तुमचा राग आहे, आणि तो माझ्याजवळ अजून काही दिवस राहील. बाही वर करताना मला किती जड गेलं होतं ते तुम्हाला माहीत नाही. नवऱ्यालाही दाखवला नव्हता तो डाग. तुम्ही घड्याळाकडे बघितलंत. म्हणून माफीचं आत्ता विचारू नका. मागितली की द्यावी लागते, आणि माझ्याकडे सध्या शिल्लक नाही.

गोळ्या चालू आहेत. रंग काळवंडला आहे, लघवी लाल होते, डॉक्टरीणबाई म्हणतात होऊ दे. करंगळी थोडी हलते. शेजारचं बोट सरळ झालंय. बारीक काम जमत नाही, पण मशीन पुन्हा चालू केलंय. पडदे, उशांचे अभ्रे, सरळ शिवण असेल ते घेते.

लोकांनी काळेपणाबद्दल विचारायला सुरुवात केली तेव्हा एक दिवस मी कंटाळून सांगून टाकलं. "कुष्ठ झालंय. औषध चालू आहे. कुणाला लागत नाही. कपडा टाकायचा तर टाका." निम्मी गिऱ्हाइकं गेली. जी राहिली ती कपडे टाकतात, चहा मात्र नको म्हणतात. नको तर नको. इतके महिने मी हात पदराखाली घेऊन फिरले. माझ्या वाटणीची लाज मी वाटून संपवली. आता उरलीय ती तुम्ही दोघं भावंडं वाटून घ्या, मला त्यातली नको.

मात्र एका गोष्टीसाठी हे पत्र लिहायला घेतलं. तुमची ताई रोज संध्याकाळी दुकान बंद करून माझ्याकडे येते. माझा हात कोमट पाण्यात भिजवते, तेल लावते, कुठे भाजलं-कापलं का ते बोट न् बोट तपासते, कारण मला स्वतःला ते कळत नाही. डॉक्टरीणबाईंनी शिकवलं तसं सगळं करते, एक दिवस चुकवत नाही. पण ती सगळा वेळ हाताकडेच बघते. माझ्या तोंडाकडे बघत नाही. मी काही विचारलं तर बादलीत बघून उत्तर देते. आधी ही बाई डबा खाताना माझ्या तोंडातला घास काढून खायची.

माझं ती ऐकत नाही. तुमचं ऐकेल. तिला लिहा, वर बघ म्हणावं.

शेजारची
शिवणवाली